औषधे सुरू करणारे पुष्कळ, थांबवणारे कोण?

सत्तरी ओलांडलेल्या आणि सांधेदुखी असलेल्या माणसाच्या घरात औषधांचा एक डबा असतोच. त्यात पाच-सात प्रकारच्या गोळ्या, एखादी अर्धवट संपलेली स्ट्रिप आणि घडीवर फाटत आलेली जुनी चिठ्ठी सापडते. यातली प्रत्येक गोळी कुणी ना कुणी, काही तरी कारणाने सुरू केलेली असते. ते कारण आज शिल्लक आहे का, हे मात्र बहुधा कुणी पाहिलेले नसते. औषध सुरू करण्याची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. तपासणी, निदान, चिठ्ठी, औषधाचे दुकान. औषध थांबवण्याची रीतच नाही. त्याची किंमत वृद्ध रुग्णांची मूत्रपिंडे, जठर आणि हाडे मोजत आहेत.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, हाडे किंवा स्नायूंच्या दुखण्याची तक्रार असल्याचे आढळले. त्याच वेळी आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेले मात्र अर्धा टक्काच निघाले. सांध्यांची झीज, कंबरदुखी, मानदुखी अशा तक्रारींचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त होते. हा फरक महत्त्वाचा आहे. झीज आणि आमवात हे दोन अगदी वेगळे आजार आहेत, त्यांचे उपचारही वेगळे आहेत. पण घरातल्या डब्यात डोकावले तर दोन्हीकडे साधारण त्याच गोळ्या दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक जण साठीच्या पुढचा होता. ते प्रमाण वाढतच जाणार आहे, आणि त्याबरोबर हे डबेही.

एका गोळीतून पाच गोळ्या

डबा कसा भरतो, ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या आजींचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना डायक्लोफेनॅक किंवा एसेक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक दिले जाते. जठराला त्रास होऊ नये म्हणून सोबत पँटोप्रॅझोल येते. ते योग्यच आहे. वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे तो मोजला जातो आणि अॅम्लोडिपिन सुरू होते. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती पाहून तिसरे डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी देतात. त्या गोळीने रक्तातले युरिक अॅसिड वाढते. अहवालात तो आकडा लाल अक्षरात छापून आला, की युरिक अॅसिड कमी करणारे औषध सुरू होते. दुखणे एकच होते, गोळ्या पाच झाल्या.

यातल्या कुणाही एका डॉक्टरचा निर्णय वेडावाकडा नव्हता. समोर जे दिसले, त्यावर प्रत्येकाने पुस्तकाप्रमाणे उपचार केले. फक्त साखळीची पहिली कडी कुठे आहे, हे कुणी विचारले नाही. पॉला रोशोन आणि जेरी गुरविट्झ या वृद्धरोगतज्ज्ञांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रकाराचे वर्णन केले आणि त्याला ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ हे नाव रूढ झाले. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्याच्यासाठी दुसरे औषध दिले जाते. वृद्धांच्या बाबतीत हे फार सहज घडते, कारण चक्कर, सूज, विसरभोळेपणा, बद्धकोष्ठता, थकवा या सगळ्याच तक्रारी ‘वयाप्रमाणे’ म्हणून खपून जातात.

वय बदलते, डोस तोच

पन्नाशीत जी गोळी सोसली, ती पंचाहत्तरीत सोसेलच असे नाही. वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता कमी होत जाते, शरीरातले पाणी आणि स्नायू घटतात. सडपातळ वृद्ध स्त्रीचा क्रिएटिनिनचा अहवाल पुष्कळदा ‘नॉर्मल’ येतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि तिचे स्नायूच कमी झालेले असतात, म्हणून आकडा छोटा दिसतो. प्रत्यक्षात मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावलेले असू शकते. वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढला, तरच खरी स्थिती कळते.

अशा शरीरात टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातले रक्तदाबाचे औषध, लघवीची गोळी आणि वेदनाशामक अशी तीन औषधे एकत्र आली, की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. एरवी ते निभावतेही. पण मे महिन्यातले ऊन, जुलाबाचे दोन दिवस किंवा कडक उपास यांची भर पडली, की मूत्रपिंडे अचानक काम थांबवू शकतात. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन भारतातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण गिधाडांसाठी जेवढी चर्चा झाली, तेवढीसुद्धा रोज दोनदा तीच गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसांसाठी झालेली नाही. नियमाप्रमाणे ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी, किंवा नुसती रिकामी स्ट्रिप दाखवली तरी ती मिळते.

थांबायला हवे ते चालू, चालू हवे ते बंद

वृद्धांची औषधे कमी करा, एवढेच म्हणून भागत नाही. आमवाताच्या रुग्णांत गोळ्या कमी होतातच, पण नेमक्या चुकीच्या. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आजाराच्या मुळावर काम करतात आणि सांधे वाकडे होण्यापासून वाचवतात. त्यांचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. वेदनाशामक आणि स्टेरॉइड यांचा गुण त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत येतो. साहजिकच रुग्णाचा विश्वास लगेच गुण देणाऱ्या गोळीवर बसतो. पैसे अपुरे पडले, मळमळ झाली किंवा शेजाऱ्याने ‘ती कॅन्सरची गोळी आहे’ असे सांगितले, की मेथोट्रेक्सेट बंद होते. वेदनाशामक आणि स्टेरॉइड चालूच राहतात. दुखणे दबते, सांधे मात्र आतून झिजत राहतात.

या बाबतीत अलीकडच्या संशोधनाने दिलेले उत्तर बरेच स्पष्ट आहे. नॉर्वेतील ‘आर्क्टिक रिवाइंड’ या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आमवात किमान वर्षभर शांत असलेल्या रुग्णांपैकी काहींचा मूळ औषधाचा डोस निम्मा केला. वर्षभरात त्यांच्यातील २५ टक्के रुग्णांचा आजार पुन्हा उफाळला. डोस तसाच ठेवलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. स्टेरॉइडचे चित्र वेगळे निघाले. ‘सेमिरा’ या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांचे रोजचे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन हळूहळू शून्यावर आणले. २४ आठवड्यांअखेर त्यांच्यापैकी ६५ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यातच होता. स्टेरॉइड चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते. या रुग्णांना टोसिलिझुमॅब हे महागडे औषध मिळत होते, त्यामुळे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दिशा मात्र कळते. मूळ औषधाला हात लावताना दहादा विचार करावा, आणि स्टेरॉइड कमी करण्याचा प्रयत्न प्रत्येक रुग्णात एकदा तरी व्हावा.

कमी डोसचे स्टेरॉइड अगदीच निरुपयोगी आहे, असेही नाही. पासष्टीपुढच्या आमवात रुग्णांवर युरोपात झालेल्या ‘ग्लोरिया’ अभ्यासात रोजच्या ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने आजार कमी झाला, सांध्यांचे नुकसानही कमी झाले. पण दोन वर्षांत लक्षणीय दुष्परिणाम झालेल्यांचे प्रमाण ६० टक्के होते, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ते ४९ टक्के होते. वाढ मुख्यतः जंतुसंसर्गाची होती. काहींसाठी हा सौदा फायद्याचा असेल, काहींसाठी नसेल. तो रुग्णाशी बोलून करायचा असतो. आज तो कुणी करतच नाही, गोळी आपोआप पुढे चालू राहते.

प्रश्न विचारण्याजोग्या गोळ्या

वेदनाशामकानंतर पहिला प्रश्न आम्लपित्ताच्या गोळीला विचारावा. वेदनाशामक किंवा अॅस्पिरिन चालू असताना ती जठराचे रक्षण करते. पण वेदनाशामक बंद झाले तरी ती वर्षानुवर्षे सुरू राहते. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते, हाडे मोडण्याशीही तिचा संबंध दिसून आला आहे. एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि रुग्णाला वाटते, गोळीशिवाय आपले भागणारच नाही. डोस हळूहळू उतरवला, तर हा टप्पा पार होतो.

युरिक अॅसिडच्या गोळीबाबतचा गोंधळ दुहेरी आहे. ज्याला गाऊटचा झटका कधी आलेलाच नाही, त्याच्या अहवालातला नुसता आकडा कमी करण्यासाठी औषध देऊ नये, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. याउलट ज्याला खरोखर गाऊट आहे, तो अंगठ्याचे दुखणे थांबले की गोळी सोडून देतो आणि काही महिन्यांत पुन्हा लंगडत येतो. पहिल्याने गोळी थांबवायला हवी, दुसऱ्याने चालू ठेवायला हवी.

ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायची असते. पुढे कधी थांबायचे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते, म्हणून कित्येक जण ती दर आठवड्याला वर्षभर घेतात. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. मग भूक जाते, बद्धकोष्ठता होते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. शक्तीची म्हणून घेतलेली पुडी त्याला कारण असेल, अशी शंका घरात कुणालाही येत नाही.

गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात, आणि त्या स्वस्त नसतात. अमेरिकेतील त्याच संघटनेने २०१९ मध्ये झिजेच्या दुखण्यासाठी त्या घेऊ नयेत अशी ठाम शिफारस केली. प्रेगॅबालिन हे मुळात नसांच्या दुखण्याचे औषध. साध्या गुडघेदुखीतही ते सर्रास दिले जाते. वृद्धांना त्याने गुंगी येते, तोल जातो, पायावर सूज येते. सोबत झोपेची गोळी असेल, तर रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका आणखी वाढतो. स्टेरॉइडने आधीच ठिसूळ झालेले खुब्याचे हाड अशा एका पडण्यात मोडते, आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक इशारा वेगळाच द्यायला हवा. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर रक्तपेशी तयार होणे थांबून जीव जाऊ शकतो. डब्यात जितक्या गोळ्या जास्त, तितकी अशी गल्लत होण्याची शक्यता जास्त. मूत्रपिंडे मंदावलेली असतील, तर हे औषध शरीरात साठून राहते. कोट्रायमोक्साझोलसारखे साधे वाटणारे अँटिबायोटिक सोबत घेतले, तर धोका फार वाढतो. अनावश्यक गोळ्या काढल्या, म्हणजे आवश्यक गोळीही सुरक्षित होते.

थांबवणे हाही उपचार

औषधे नियोजनपूर्वक कमी करण्याला ‘डीप्रिस्क्रायबिंग’ असा शब्द आहे. ऑस्ट्रेलियाचे वृद्धरोगतज्ज्ञ मायकेल वुडवर्ड यांनी तो २००३ साली वापरला. वृद्धांत टाळावीत अशा औषधांची ‘बिअर्स’ यादी अमेरिकेत १९९१ पासून आहे, आयर्लंडमधील ‘स्टॉप-स्टार्ट’ निकष २००८ पासून आहेत. दोन्ही वेळोवेळी सुधारले जातात. म्हणजे काय थांबवावे, याचे ज्ञान उपलब्ध आहे. ते कसे थांबवावे, याची शिस्त हवी.

एका वेळी एकच औषध कमी करावे, म्हणजे काही बिघडले तर कशामुळे, ते कळते. ज्याचा धोका सर्वांत जास्त, ते आधी घ्यावे. दोन ते चार आठवडे वाट पाहावी, तक्रारी लिहून ठेवाव्यात आणि गरज पडल्यास तेच औषध पुन्हा सुरू करण्याची तयारी ठेवावी. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. वेदनाशामक काढून घेताना हाती दुसरे काही द्यावेच लागते. गुडघ्यावर चोळायचे वेदनाशामक जेल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन थोडे उतरवणे, हातात काठी, शौचालयात उंच बैठक, गरज लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. हे न देता नुसती गोळी बंद केली, तर रुग्ण दुसऱ्या दारातून तीच गोळी आणतो.

स्टेरॉइड मात्र कुणीही स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये. काही आठवड्यांहून जास्त काळ ते घेतले, की शरीराची स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता मंदावते. अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या ‘वाताच्या पुड्यां’मध्येही अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. गोल चेहरा, पातळ झालेली त्वचा आणि जागोजागी निळे डाग पाहून डॉक्टरांना शंका येते, ते रागावतात आणि रुग्ण घाबरून त्याच दिवशी पुडी फेकून देतो. तेही तितकेच घातक आहे. पुडी सोडवायची, तर तिच्या जागी मोजून-मापून डोस देऊन तो उतरवत न्यावा लागतो.

तीन मिनिटांत हे होणार कसे?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. केसपेपरवर ‘सीएसटी’, म्हणजे ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’, एवढी तीन अक्षरे लिहायला पाच सेकंद लागतात. औषध का थांबवायचे, हे समजावून सांगायला पंधरा मिनिटे. निवासी डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात, आणि नव्याने आलेला आधीच्याचे औषध काढायला कचरतो. खासगीत हृदयरोगतज्ज्ञ अस्थिरोगतज्ज्ञाच्या गोळीला हात लावत नाही, अस्थिरोगतज्ज्ञ मूत्रपिंडतज्ज्ञाच्या. औषध चालू ठेवले आणि त्याने हळूहळू मूत्रपिंड गेले, तर कुणी जाब विचारत नाही. औषध थांबवले आणि आठवड्यात गुडघा दुखला, तर मात्र नातेवाईक येऊन विचारतात. डॉक्टरांनी कोणता मार्ग धरावा, हे मग आपोआप ठरते.

रुग्णाची बाजूही समजून घ्यायला हवी. पहाटेची एसटी पकडून, रांगेत चार तास उभे राहून माणूस खिडकीपाशी पोहोचतो, तेव्हा हातात पडणाऱ्या गोळ्या हीच त्या खेपेची कमाई असते. ‘या दोन बंद करा’ असे ऐकल्यावर त्याला वाटते, आता आपल्याकडे लक्ष देत नाहीत. ‘वय झाले म्हणून औषध तोडले’ हा संशय सरकारी दवाखान्यात तर लगेच येतो. म्हणून औषध कमी करण्याची गोष्ट खर्चाच्या भाषेत कधीही करू नये. ती रुग्णाच्या पायावरच्या सुजेपासून, चकरेपासून, त्याला ज्याचा रोज त्रास होतो तिथून सुरू करावी.

उपाय फार महागडे नाहीत. प्रत्येक चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे दोन रकाने हवेत. एक ‘कशासाठी’ आणि दुसरा ‘कधीपर्यंत’. दुसरा रकाना कोरा असेल, तर औषधनिर्मात्याने विचारणा करावी. सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माते आहेत, पण त्यांचे काम आज गोळ्या मोजून देण्यापुरते उरले आहे. पाचहून अधिक औषधे चालू असलेल्या साठीपुढच्या रुग्णांचे डबे सहा महिन्यांतून एकदा तपासण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येईल, आणि बदलाचा निर्णय डॉक्टर घेतील. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र ओपीडी चालवणे हा त्याचा भाग आहे. त्या ओपीडीत नवे औषध लिहिण्याइतकेच जुने औषध काढणे हेही काम मानले जावे, आणि त्याची नोंदही व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी टाळण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा एकाच वेळी अनेक औषधे घेणाऱ्या रुग्णांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले होते. जिल्हा पातळीवर ते लक्ष देणारी व्यक्ती कोण, हे अजून ठरलेले नाही.

घरच्यांनाही यात काम आहे. मुंबई-पुण्यातून किंवा परदेशातून मुलगा-मुलगी फोनवर विचारतात, ‘आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?’ त्याच्या जोडीला ‘कोणती गोळी कशासाठी आहे, ते डॉक्टरांना विचारलेस का?’ हेही विचारावे. पुढच्या भेटीला नुसती चिठ्ठी न नेता सगळा डबाच न्यावा, आयुर्वेदिक पुड्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट. स्वतः काहीही थांबवू नये, पण प्रत्येक गोळीपुढे बोट ठेवून ‘ही अजून लागते का?’ हा प्रश्न न घाबरता विचारावा. आणि तो विचारला गेला, तर डॉक्टरांनी त्याला आपल्यावरचा अविश्वास समजू नये.